परक्यांच्या फोटोंचं भाडं

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण लगेच पान बंद करू नका. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि जन्मभर वर्गात संधी-समास फोडत बसलेल्या बाईला जो समजला तो तुम्हालाही समजेल. शिवाय तुमच्यातले बरेच जण ज्या घरात रोज जाऊन बसतात, त्याच घराच्या भाड्याचा हा प्रश्न आहे. तेव्हा वाचा.

माझा भाचा जर्मनीत न्यूरेंबर्गला असतो हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. ऑक्टोबर 2022 मध्ये ट्विटर विकलं गेलं, मालक बदलला आणि तिथली पुष्कळ माणसं दुसरं घर शोधायला लागली. त्या धांदलीत भाच्याने मॅस्टोडॉनचा एक छोटा सर्व्हर उभा केला. आधी घरच्यांना आत घेतलं, मग माझ्या ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींना, मग माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांना. आज तिथे आम्ही 43 जण आहोत. (भारतात हे नाव खरं तर 2019 च्या नोव्हेंबरातच कानावर आलं होतं. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, तेव्हा रागावून बरेच जण तिकडे गेले होते. पुष्कळसे परतलेही. असो.)

ज्यांनी हे घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने 2016 मध्ये मॅस्टोडॉन ही प्रणाली लोकांपुढे आणली. ती कुणीही फुकट घ्यावी आणि आपल्या यंत्रावर बसवावी. प्रत्येक सर्व्हर म्हणजे वेगळं घर आणि वेगळा मालक, पण सगळ्या घरांची बोलायची भाषा एक. त्या भाषेला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात आणि डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2018 च्या जानेवारीत तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. विरोपाचंच उदाहरण घ्या. तुमचा पत्ता एका कंपनीचा, माझा दुसऱ्या कंपनीचा, तरी पत्र पोचतंच ना? तसंच हे. आमच्या घरात बसून मी ब्राझीलमधल्या, जपानमधल्या घरातल्या माणसाचं लेखन वाचू शकते. जाहिराती नाहीत. मग पैसे कोण भरतं? ज्याचं घर तो.

गेल्या महिन्यात दोन रात्री हे घर बंद पडलं होतं. तिसऱ्या दिवशी भाच्याने कारण लिहिलं की डिस्क भरली. डिस्क भरली की डेटाबेसला नवी ओळ लिहायला जागा उरत नाही, आणि तो थांबला की सगळंच थांबतं. खाली त्याने दोन पर्याय दिले होते. पहिला, सदस्यांचे एक वर्षाहून जुने सगळे फोटो काढून टाकायचे. दुसरा, दिवाळीनंतर घराला कुलूप लावायचं, कारण दर सहा महिन्यांनी नवी डिस्क जोडत बसणं त्याला आता जमत नाही.

त्यावर आपल्या मंडळींनी जे लिहिलं ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. एकाने लिहिलं, "तो जर्मनीत आहे, त्याला चार-दोन युरोंचं काय?" दुसरी म्हणाली, "व्हॉट्सॅपवर गट करू या, फुकट आहे." तिसरे एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "काढा की जुने फोटो, बघतंय कोण?" मला यातलं एकही पटलं नाही. भाच्याचे दोन्ही पर्यायही पटले नाहीत.

मी आधी त्याच्याकडून आकडे मागवले. वर्गाच्या सहलीचा हिशोब पैशापैशाने मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायची सवय, त्यामुळे "डिस्क भरली" एवढ्याने माझं समाधान होत नाही. कशाने भरली? मॅस्टोडॉनबरोबर टूटसीटीएल नावाचं एक अवजार येतं. सर्व्हर चालवणाऱ्याने त्याला विचारलं की फोटोंनी किती जागा खाल्ली, त्यातली आपल्या माणसांची किती आणि परक्यांची किती, हे ते वेगवेगळं सांगतं. उत्तर असं आलं: आम्हा 43 जणांचे इतक्या वर्षांतले स्वतःचे फोटो 9 जीबी. बाहेरच्या घरांमधल्या लोकांच्या फोटोंच्या प्रती 184 जीबी.

पुन्हा वाचा. आपले नऊ आणि परक्यांचे एकशे चौऱ्याऐंशी!

हे परके फोटो आमच्याकडे आले कसे, तर त्यालाही कारण आहे आणि कारण वाईट नाही. समजा मी जपानमधल्या एका बाईंची फुलझाडं बघते. त्यांनी फोटो टाकला की आमचा सर्व्हर त्याची एक प्रत आणून आपल्या डिस्कवर ठेवतो आणि आमच्या घरातल्या सगळ्यांना तीच दाखवतो. त्या बाईंचे चारशे वाचक साठ घरांत पसरलेले असले, तर त्यांच्या सर्व्हरला फोटो साधारण साठदा द्यावा लागतो, चारशेदा नाही. लहान घर कोलमडत नाही. शिवाय कुणी कुठून फोटो पाहिला हे त्यांच्या सर्व्हरला कळत नाही, त्याला फक्त आमचा सर्व्हर दिसतो. (प्लेरोमासारख्या काही प्रणाली प्रती साठवत न बसता मूळ ठिकाणचाच फोटो दाखवतात. त्यांची डिस्क वाचते, पण हे दोन फायदे जातात.) म्हणजे प्रत आणणं ही शेजारधर्माची गोष्ट झाली. आणलेली प्रत जन्मभर सांभाळणं हा मात्र शेजारधर्म नव्हे.

आणि नुसत्या नोंदींचेच फोटो येतात असंही नाही. समोर आलेल्या प्रत्येक परक्या माणसाचा चेहऱ्याचा फोटो, त्याच्या पानावरचं मोठं शीर्षकचित्र, कुणी बातमीचा दुवा दिला तर त्या बातमीसोबतचं चित्र... सगळं येऊन बसतं. त्यातून भाच्याने सुरुवातीला हौसेने एक रिले जोडला होता. रिले म्हणजे अनेक घरांचं लेखन एकत्र करून सगळीकडे वाटणारा मधला माणूस. नव्या घरात शांतता वाटू नये म्हणून तो जोडतात. परिणाम असा की ज्यांना आमच्यापैकी कुणीही ओळखत नाही, अशा माणसांच्या मांजरांचे फोटो रात्रंदिवस आमच्या डिस्कवर उतरत होते. मला मांजरं आवडतात हो, पण एवढी नाही.

अक्षरांचा इथे काही दोष नाही, हे एका भाषाशिक्षिकेने सांगितलंच पाहिजे. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला तीन बाईट लागतात. मॅस्टोडॉनवर एका नोंदीला 500 चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे पूर्ण भरलेली मराठी नोंद दीड हजार बाईटची. फोनने काढलेला साधा तीन एमबीचा फोटो अशा दोन हजार नोंदींएवढी जागा घेतो. आमच्यातलं सगळ्यात बोलकं माणूस (नाव सांगत नाही, स्वतःला ओळखेल) तीन वर्षं न थांबता लिहीत बसलं तरी डिस्कला त्याचं काही वाटणार नाही. व्हिडिओचं तर विचारूच नका. एकेक व्हिडिओ 99 एमबीपर्यंत चालतो. त्याचं त्रैराशिक तुम्हीच मांडा.

आता उपाय. तो इतका साधा आहे की मला आधी खरा वाटेना. टूटसीटीएलला सांगायचं की सात दिवसांहून जुन्या परक्या फोटोंच्या प्रती काढून टाक. तेच काम व्यवस्थापकाच्या पानावर एका चौकटीत दिवसांचा आकडा लिहूनही होतं, मग सर्व्हर रोज आपणहून झाडतो. ही झाडू फक्त परक्या फोटोंवर चालते, आपल्या सदस्यांच्या फोटोंना ती हात लावत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे नोंद जात नाही, फक्त प्रत जाते. उद्या कुणी ती जुनी नोंद उघडली तर आमचा सर्व्हर मूळ घरी जाऊन फोटो पुन्हा घेऊन येतो. ज्यांना आमच्यातलं कुणीच अनुसरत नाही त्यांचे चेहरे आणि शीर्षकचित्रं काढायला वेगळी सूचना द्यावी लागते, ती दिली नाही तर ती तशीच साचत राहतात. बातम्यांच्या चित्रांसाठी आणखी एक. भाच्याने रिले तोडला, या तिन्ही सूचना दिल्या, आणि 184 चे 13 झाले. एका रात्रीत. नवी डिस्क परत करता आली.

इथेच लेख संपवता आला असता. पण भाच्याचा पहिला पर्याय, म्हणजे आपलेच जुने फोटो काढायचे, हा माझ्या डोक्यातून जाईना. "आत्या, आता त्याची गरजच उरली नाही," असं तो म्हणतो. उरली नाही हे खरं. पण तो विचार मुळात का चुकीचा होता ते नीट मांडलं पाहिजे, कारण उद्या दुसरं कुणी घर चालवायला घेईल आणि तिथेही डिस्क भरेल, आणि सगळ्यात आधी सुचतं ते हेच.

बाहेरची हजारो घरं आपल्या फोटोंच्या प्रती आठवड्याभराने टाकून देतात, त्या कशाच्या भरवशावर? मूळ आपल्याकडे आहे, या भरवशावर. आपण परक्यांच्या प्रती निर्धास्तपणे झाडतो तेही त्याच भरवशावर. या सगळ्या पसाऱ्यात लेखी करार कुठेच नाही, आहे तो एवढाच. आपण मूळच टाकलं तर तो फोटो कुठेच उरत नाही, आणि ज्यांनी आपल्यावर विसंबून प्रत टाकली त्यांच्याकडेही पांढरी चौकट राहते. म्हणून माझं मत ठाम आहे: परक्याची प्रत खुशाल टाका, आठवड्याची वाटही बघू नका हवं तर, पण आपल्या माणसाचं मूळ घरमालकाने परस्पर टाकता कामा नये. ज्याचं त्याने टाकावं. तशी सोय आहेच. आपल्या खात्याच्या मांडणीत जाऊन जुन्या नोंदी अमुक दिवसांनी आपोआप जाऊ द्याव्यात असं प्रत्येकाला ठरवता येतं, आणि त्यात "फोटो असलेल्या नोंदी मात्र ठेव" असंही सांगता येतं. निर्णय ज्याचा त्याचा.

आता माझ्याच मताविरुद्ध एक गोष्ट सांगते, ती सांगितली नाही तर अर्धवट राहील.

ऑगस्ट 2019 चा सांगलीचा पूर तुम्हाला आठवत असेल. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. गावभागात माझ्या भावाच्या घरात (म्हणजे याच भाच्याच्या घरात) खालच्या मजल्यावरचं लाकडी कपाट चार दिवस पाण्यात होतं, आणि फोटोंचे सगळे अल्बम त्यात. पाणी ओसरल्यावर ती पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. सोडवायला गेलं की चेहरेच निघून येत. आईवडिलांचा लग्नानंतरचा एकुलता एक फोटो त्यात गेला. पुढे दोन महिन्यांनी इंदूरहून मामेबहिणीचं पाकीट आलं. त्याच फोटोची प्रत तिच्या आईला कुणीतरी साठ वर्षांपूर्वी दिली होती आणि तिने ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती. म्हणजे मूळ घर बुडालं आणि दुसऱ्याच्या घरातल्या प्रतीने आम्हाला आमचे आईवडील परत दिले.

मग मी कुठल्या तोंडाने म्हणते की परक्यांच्या प्रती झाडून टाका? समजा त्या जपानी बाईंचं घर उद्या कायमचं बंद पडलं, तर त्यांच्या फुलांची प्रत कदाचित आमच्याकडेच उरलेली असेल. छोटी घरं बंद पडतातच. कधी मालक थकतो, कधी आजारी पडतो, कधी पैसे संपतात. घर बदलताना अनुसरणारी माणसं बरोबर नेता येतात, पण जुन्या नोंदी आणि फोटो नव्या घरात येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. तेव्हा प्रश्न खोटा नाही.

यावर मी बरेच दिवस विचार केला. इंदूरच्या मामीने तो फोटो मुद्दाम ठेवला होता. तिला तो कुणाचा हे ठाऊक होतं, कुणाला परत द्यायचा हेही ठाऊक होतं. आमच्या सर्व्हरवरच्या 184 जीबीत काय आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. जे आहे हेच माहीत नाही ते आपण "जपलं" असं म्हणता येत नाही, ते नुसतं साचलं. एखादं परकं छायाचित्र खरंच मोलाचं वाटलं, तर ते आपल्या संगणकावर नावानिशी उतरवून ठेवावं, ज्याचं आहे त्याला विचारून. मॅस्टोडॉनवर नोंदीला खूण करून ठेवली म्हणजे फोटो जपला, असं समजून बसू नये.

आणि जे साचतं त्यात काय काय असतं याची दुसरी बाजूही आहे. शाळेत आयुष्य घालवल्यामुळे ती मला जास्त टोचते. 2023 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅस्टोडॉनसारखी ही घरं तपासली, तेव्हा मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रंही काही ठिकाणी फिरत असल्याचं त्यांना आढळलं. असला एखादा फोटो रिलेमार्फत आमच्या डिस्कवर उतरला, तर तो आमच्या यंत्रावर, भाच्याच्या नावावर. त्याने तो कधी पाहिलेलाही नसेल. अशा घरांशी संबंध तोडता येतो, किंवा संबंध ठेवून "यांचे फोटो मात्र घेऊ नकोस" असंही सर्व्हरला सांगता येतं. भाच्याने अशी यादी आता केली आहे. जागाही वाचते, पण मी ती जागेसाठी करायला लावली नाही.

आता पैशांकडे येते. "त्याला चार-दोन युरोंचं काय" म्हणणाऱ्यांसाठी हा भाग मुद्दाम.

सफाईच्या आधी सगळा खर्च महिन्याला 22 युरो होत होता, त्यातले आठ नुसते जादा डिस्कचे. आता चौदा. म्हणजे खर्च फार मोठा नाही हे कबूल. साठवण स्वस्त होतच आली आहे. मार्च 2006 मध्ये अमेझॉनने एस-थ्री नावाची साठवणीची सेवा सुरू केली, तेव्हा एक जीबी महिनाभर ठेवायला पंधरा सेंट पडत. आता त्याच सेवेत सव्वादोन सेंटांच्या आसपास पडतात. मात्र तिथे एक मेख आहे. ठेवलेला माल बाहेर काढायचे पैसे वेगळे, आणि फुकटची मर्यादा ओलांडली की ते ठेवण्याच्या दराच्या जवळजवळ चौपट. फोटो तर दाखवण्यासाठीच ठेवायचे असतात. घर मोठं झालं, येणारेजाणारे वाढले, की साठवणीपेक्षा या ने-आणीचंच बिल पुढे जातं. क्लाउडफ्लेअरच्या आर-टूसारख्या सेवा बाहेर काढण्याचं भाडं लावत नाहीत, म्हणून छोट्या घरांचे मालक तिकडे वळतात. आमच्या घराला सध्या यातलं काहीच नको, तेरा आणि नऊ मिळून बावीस जीबी भाड्याच्या यंत्रावरच मावतात.

मग मी पैशाचा विषय का काढते? कारण इतकी वर्षं ही रक्कम एकट्याने दिली आणि आम्हा 42 जणांना आकडासुद्धा माहीत नव्हता. माणूस चौदा युरोंनी थकत नाही. रात्री अडीच वाजता उठून डिस्क मोकळी करतो, आणि सकाळी कुणीतरी लिहितं की "काल फोटो चढत नव्हते, काय चाललंय?" त्याने थकतो. आणि थकलेला माणूस एक दिवस कुलूप लावतो. त्या दिवशी 43 जणांचे नऊ जीबी जातात.

गणपतीच्या मंडळात वर्गणीची पावती मिळते आणि विसर्जनानंतर फळ्यावर हिशोब लागतो. तिथे कुणी म्हणत नाही की अध्यक्ष बांधकामवाले आहेत, त्यांना मूर्तीच्या खर्चाचं काय. मग नातेवाइकांत वर्गणी म्हटली की तोंडं का कसनुशी होतात? भाच्यालाही संकोच वाटतो, "आत्या, घरच्यांकडून कसले पैसे घ्यायचे!" मी त्याला म्हटलं, पैसे तुझ्यासाठी नकोतच. हिशोब लागला की माणसं फोटो चढवताना विचार करतात, आणि घर आपलं समजतात. चौदा युरो म्हणजे आजच्या भावाने चौदाशे रुपयांच्या आसपास, भागिले त्रेचाळीस. माणशी वर्षाला चारशे रुपये झाले. ज्यांना जमत नाही त्यांनी देऊ नयेत, विचारणार नाही. पण आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे, डिस्क किती भरली हाही.

फुकटाचं म्हणाल तर आपण ब्लॉगवाल्यांनी ते पुरेसं भोगलंय. 2017 मध्ये फोटोबकेटने दुसऱ्या संकेतस्थळांवर चित्रं दाखवण्याचे वर्षाला जवळजवळ चारशे डॉलर मागितले आणि जगभरच्या जुन्या ब्लॉगांवर चित्रांच्या जागी एक करड्या रंगाचा फलक लागला. फ्लिकरने 2018 च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की फुकट खात्याला हजारच फोटो. गुगलने 1 जून 2021 पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि विरोपासकट सगळं मिळून 15 जीबीत बसवा म्हणाले. यातलं काहीच बेकायदा नाही. त्यांचं घर, त्यांचे नियम. पण प्रत्येक वेळी निर्णय आपल्याला कळला तो झाल्यावर. व्हॉट्सॅपवर फोटो आपल्या फोनमध्ये साचतात आणि फोन भरला की आपण नवा घेतो. त्याला फुकट म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आपल्या घरात आता काय ठरलं ते सांगते. परक्या प्रती सात दिवस. रिले नाही. आपल्या नऊ जीबीची एक प्रत दर आठवड्याला न्यूरेंबर्गच्या घरातल्या वेगळ्या डिस्कवर आणि एक सांगलीत, वरच्या मजल्यावर (खालच्या नाही!). शिवाय प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या खात्याचा संग्रह उतरवून घ्यावा. मांडणीत "निर्यात" आहे तिथे मागणी नोंदवली की आपल्या नोंदी आणि आपण चढवलेले फोटो एका गठ्ठ्यात मिळतात, सात दिवसांतून एकदा मागता येतो. ज्यांना जमणार नाही त्यांनी मला फोन करा, मी पायरीपायरीने सांगते. मोठे फोटो आधी लहान करा असं मात्र मी सांगणार नाही. सर्व्हर त्यांना आपणच 8.3 मेगापिक्सेलपर्यंत आणतो. व्हिडिओ तेवढे बेताने. सुप्रभातवाले गुलाब चढवायचेच असतील तर तोच गुलाब रोज नवा म्हणून चढवू नका, एवढी विनंती.

हिशोबाचा पहिला तक्ता या महिनाअखेरीस लागेल. त्यात एक नाव असं आहे की भाच्याने विचारलं, हे ठेवायचं का? आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्या खात्यात तीनशे-साडेतीनशे फोटो आहेत. कृष्णेचे घाट, हरिपूरचा संगम, स्वतःची जुनी रेखाटनं. मूळ कागद पुरात गेले, आणि फोन कुठे गेला ते घरच्यांनाही ठाऊक नाही. खात्याचा सांकेतिक शब्दही कुणाकडे नाही. सगळं मिळून अर्धा जीबीसुद्धा भरत नाही. मी सांगितलं, त्रेचाळीसच ठेव, त्यांचे चारशे माझ्याकडून धर.